आत्याची मगर

आमच्या घरी मगर आहे, असं मी नांदेडच्या वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात बोलून गेले आणि खोलीतल्या मुलींनी मला वर्षभर त्यावरून पिडलं. मी चाचरत खुलासा केला होता, की मगर म्हणजे गाडी उचलायचा जॅक. बुटका, लांबोडका, चार चाकांवर सरकणारा, तोंड जमिनीला टेकलेलं आणि शेपटीच्या जागी लांब दांडा. दांडा खालीवर केला की पोटातलं तेल दाबलं जातं आणि जबड्यावरची लोखंडी बशी जीपसुद्धा हळूहळू वर नेते. दांडा उलटा पिळला की ‘सुईंऽऽ’ करत ती खाली बसते. मुलींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग अंडी कुठे घालते?” मला पटकन उत्तर सुचत नसे. आजही सुचत नाही. म्हणून तर हे सगळं सावकाश लिहायला बसले आहे.

लातूरला आमचं गॅरेज रस्त्याला लागून होतं. पुढे पत्र्याचं शेड, मागे दोन खोल्या, आणि खोल्यांच्या मागे डाळमिल. मिलच्या घरघरीची इतकी सवय होती, की लाइट जाऊन मिल थांबली की आम्ही झोपेतून जागे व्हायचो. तुरीच्या टरफलांची बारीक पिवळी धूळ सगळीकडे असायची. पाण्याच्या माठावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, आईच्या हातच्या गरम भाकरीवरसुद्धा. येसराची आमटी ताटात पडली की आधी ताटावर हात धरायचा आणि मग बोलायचं, ही आमच्या घरची रीत. पाहुणे आले की त्यांना वाटायचं, आम्ही जेवणाआधी काही प्रार्थना करतो.

मगर आमची नव्हती, आत्याची होती. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण; अण्णा तिला अक्का म्हणायचे. तिच्या नवऱ्याचं, म्हणजे मामांचं, मुखेडला बाजाराजवळ छोटं गॅरेज होतं. मामा गेले, मूलबाळ नव्हतं, आणि अण्णा तिला लातूरला घेऊन यायला गेले तेव्हा तिने एवढंच म्हटलं, “ट्रंक नसली तरी चालंल, मगर घे.” मुखेडच्या स्टँडवर एसटीचा ड्रायव्हर म्हणे हे धूड गाडीत घेईना. आत्या त्याला म्हणाली, “बाबा, आजवर ह्या मगरीनं तुमच्यासारख्यांच्या गाड्या उचलल्या. एकदा गाडीनं तिला उचललं तर काय बिघडतं?” ड्रायव्हर हसला आणि मागच्या सीटखाली जागा झाली. हा किस्सा अण्णा इतक्या वेळा सांगायचे, की त्या ड्रायव्हरचं हसणं मला स्वतः ऐकल्यासारखं वाटतं.

आत्या स्वतः काही गाड्या दुरुस्त करत नसे. पण मगरीचं सगळं तिच्याकडे. संध्याकाळी शेड बंद करायच्या आधी ती मगरीला पूर्ण खाली बसवायची. पोटातून बाहेर आलेला चकचकीत दट्ट्या उघडा राहिला की त्याला गंज धरतो, आणि गंजलेला दट्ट्या आतलं रबरी सील कापतो, असं मामा सांगायचे. मग चाकांना ग्रीसचं बोट, सांध्यांना थेंबभर ऑइल, आणि शेवटी जुन्या लुगड्याचा तुकडा अंगावर. मगरीच्या पाठीवरचा पत्रा केव्हाच तुटून गेला होता, त्यामुळे ऑइल भरायचं भोक वरून उघडं दिसायचं. त्याला एक रबरी बूच होतं. धुळीच्या गावात ते लुगडं फार कामाचं होतं, हे मला पुढे कॉलेजात कळलं. तेव्हा अण्णा चेष्टा करायचे, “अक्का, आता झोळी बांधून झोका बी द्या की तिला.”

“तुला दिला तेवढा बास झाला,” आत्या म्हणायची.

खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, गॅरेजात हत्यारांची पूजा असायची. आत्या आली त्या पहिल्याच वर्षी अण्णांनी जाहीर करून टाकलं, “पूजा अक्का करतील. मगर त्यांची, मान त्यांचा.” शेजारच्या भागाकाकूंना ते रुचलं नव्हतं. भागाकाकू अण्णांच्या लांबच्या चुलतभावाच्या बायको. त्यांना आमच्या घरातल्या प्रत्येक गोष्टीवर काहीतरी म्हणायचं असे आणि ते म्हणून झालं की त्या चहाला थांबत. त्या वर्षी पूजेआधी त्यांनी आत्याला तुळशीजवळ बाजूला घेऊन काहीतरी हळूच सांगितलेलं मी पाहिलं होतं. काय सांगितलं, ते ऐकू आलं नाही. आत्याने मान हलवली होती, एवढं आठवतं.

मी सांगते आहे ती खंडेनवमी मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असतानाची. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि मेकॅनिकलला गेलेली म्हणून तर गल्लीत पहिली. सुट्टीला नांदेडहून लोहा, अहमदपूर करत एसटीने आले तेव्हा पिशवीत हायड्रॉलिक्सचं जाडजूड पुस्तक होतं आणि मनात भीती होती, की अण्णा काही विचारतील आणि मला येणार नाही. अण्णा मात्र काहीच विचारत नसत. त्यांना बहुधा भीती होती, की मी उत्तर देईन आणि त्यांना कळणार नाही. आम्ही दोघं एकमेकांना सांभाळून घेत होतो.

त्या सकाळी शेड धुऊन काढलं. पाने, स्क्रू ड्रायव्हर, हातोड्या पोत्यावर ओळीने मांडल्या, मधोमध मगर. अण्णा तिचं ऑइल बघत होते, तेवढ्यात झेंडूवाला आला आणि अण्णा हार निवडायला उठले. आईचं पुरण शिजत होतं, वेलदोड्याचा आणि ऑइलचा वास एकत्र झाला होता. तो वास मला आजही दसऱ्याचा वास वाटतो. आत्याने प्रत्येक हत्याराला हळदीचं बोट लावलं, मगरीच्या बशीवर मोठं फूल ठेवलं. आरती झाली. मग सगळ्यांनी अक्षता टाकल्या. अण्णा, आई, मी, नेहमीचे गिऱ्हाईक बाबूभाई, आणि भागाकाकू, ज्यांनी लांबूनच मूठभर अक्षता भिरकावल्या, लग्नात नवरा-नवरीवर टाकतात तशा. काही बाबूभाईंच्या दाढीत अडकल्या. “मेरी भी शादी लगा दो काकू,” ते म्हणाले. पुरणपोळ्या खाऊन सगळे पांगले.

दसरा झाल्यावर पहिली गाडी आली ती बाबूभाईंचीच. त्यांची काळीपिवळी जीप लातूर-अहमदपूर पॅसेंजर मारायची आणि तिचं मागचं चाक कुरकुरत होतं. अण्णांनी मगर खाली सरकवली, दांडा मारायला घेतला. जीप दोन बोटं उचलली आणि तिथेच राहिली. दांडा नुसता मऊ, लोण्यात हात घातल्यासारखा खाली जात होता. अण्णांनी सोडून परत मारला, तर सरसर वर. तिसऱ्यांदा पुन्हा मऊ.

“इसकू क्या हुआ अण्णा?” बाबूभाई म्हणाले. “हमारी सास के जैसा कर री. मन हुआ तो उठती, नहीं तो नहीं.”

पूर्ण बिघडलेली वस्तू परवडते. कधी चालणारी, कधी न चालणारी वस्तू माणसाला वेडं करते. दोन दिवस अण्णांनी सगळं करून पाहिलं. दांड्याचा सांधा आवळला, शिव्या दिल्या, गोड बोलून पाहिलं. बाहेरून कुठेही ऑइल गळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी भागाकाकू चहाला आल्या. अण्णा मगरीपाशी उकिडवे बसलेले, आत्या त्यांच्या शेजारी चिंध्या घेऊन. काकूंनी बशीत चहा ओतला आणि कुणाकडेही न बघता म्हणाल्या, “मी बोलले की वाईट दिसती. पण शुभाचं काम शुभ हातानंच व्हावं लागतंय. वस्तू आपली म्हणून हात लावावा का?”

अण्णा काही बोलले नाहीत. ते रागावलेले होते, थकलेले होते, गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ लागलं होतं. आत्याने चिंध्या खाली ठेवल्या, हात पुसले आणि आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती शेडमध्ये आली नाही. चहा उंबऱ्यावरून दिला. अण्णांना पाना हवा होता, तो तिच्या पायाजवळच पडला होता, तरी तिने माझ्याकडे बघून म्हटलं, “सुवर्णे, तेवढा पाना दे गं अण्णाला.” जेवताना अण्णा म्हणाले, “एखादा दुसरा जॅक बघतो. ही भंगारात...” आणि वाक्य अर्धं सोडलं. आत्या ताटावर हात धरून बसली होती, धूळ येऊ नये म्हणून. तिने तो हात काढलाच नाही. जेवलीच नाही.

मला त्या रात्री झोप लागली नाही, असं लिहायला बरं दिसेल, पण मी झोपले. सकाळी उठल्याबरोबर मात्र एकच गोष्ट डोक्यात होती. सुट्टी संपत आली होती. मी नांदेडला गेल्यावर मगर भंगारात जाणार आणि आत्या कायमची उंबऱ्याच्या आत. मगर नसती तर तिला शेडमध्ये यायला कारणच उरलं नसतं. मी अण्णांजवळ जाऊन म्हटलं, “मी बघू का जरा?”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. “बघ माय. बिघडलेलीच हाय. अजून काय बिघडवशील?”

एवढी मोकळीक मला पुढे कुठल्याही नोकरीत मिळाली नाही.

मी सोप्यापासून सुरुवात केली, कारण अवघड मला येत नव्हतं. मगर पूर्ण खाली बसवून बूच काढलं. ऑइल भोकाच्या कडेपर्यंत होतं, म्हणजे कमी नव्हतं. मग हवा. तेलात हवा शिरली की दांडा मऊ लागतो. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. दांडा उलटा पिळून मोकळा केला आणि भराभर मारला. थोडे बुडबुडे आले. परत आवळून, चाक काढलेली एक मोटारसायकल उचलून बघितली. आली वर! अण्णा उठून उभे राहिले. मग दुसऱ्यांदा मऊ. अण्णा बसले.

मी खडूने जमिनीवर मगरीचं पोट काढलं. पुस्तकात असतं तसं सुबक नव्हे, भोपळ्यासारखं. “अण्णा, तेल बाहेर गळत नाही. आत कमी नाही. हवा पण काढली. म्हणजे दांडा मारला की तेल पुढे जायच्या ऐवजी आल्या वाटेनं मागं जातंय. इथं एक छर्रा असतो, छोटी लोखंडी गोळी. तेल आत घ्यायचं, पण परत जाऊ द्यायचं नाही, हे तिचं काम. ती नीट बसत नसेल.”

“कधी बसती, कधी बसत न्हाई,” अण्णा भोपळ्याकडे बघत म्हणाले. “मग मधी काहीतरी येतंय.”

“येतंय आणि सरकतंय.”

त्या क्षणी आम्हाला दोघांनाही एकमेकांचं बोलणं कळलं होतं. तेवढ्यात उंबऱ्याच्या आतून आवाज आला, “तिचा आवाज ऐका की. चांगली असली की दर येळेला पोटात ‘कट्’ करती.”

मी मगरीच्या पोटाला कान लावला. पण एकाच वेळी कान लावून दांडा मारता येईना. अण्णा पुढे झाले. पण ते दांडा असा हाणायचे, की सगळं शेड वाजायचं. सावकाश, एकसारखा दांडा घरात एकच माणूस मारायचा. मी तिथूनच म्हटलं, “आत्या, ये ना. दांडा धर.”

“मी कशाला. माझा हात नको त्याला.”

“मला तुझाच हात लागतो.”

मी हे काही विचार करून बोलले नव्हते. मला खरोखरच सावकाश दांडा हवा होता. आत्याने पदर खोचला, उंबरा ओलांडला आणि येऊन दांडा धरला. अण्णांनी तिच्यासाठी पोतं सरकवलं. ती दांडा मारू लागली आणि मी ऐकू लागले. कट्. कट्. मग नुसतीच चुळबूळ. मग परत कट्. जिथे ‘कट्’ चुकायचं, तिथे दांडा मऊ.

“उघडा,” अण्णा म्हणाले.

ऑइल परातीत काढलं. ते गाळायला स्वच्छ काहीतरी हवं होतं. आईने चहाची गाळणी दिली आणि देतानाच सांगितलं, की ही आता परत स्वयंपाकघरात यायची नाही. मी ऑइल गाळणीतून सोडलं. तळाशी काहीतरी उरलं. मी ते बोटावर घेतलं. तांदळाचे तुकडे. फुगलेले, काळपट, पण एका कणीवर कुंकवाचा लाल डाग अजून शाबूत. मग तळाचा नट उघडला, स्प्रिंग काढली, छर्रा चिमटीत धरून उचलला. त्याच्या बैठकीत अर्धी अक्षता चपटी होऊन बसली होती.

मला कारण सापडलं होतं आणि मला ते कुठेतरी लपवावंसं वाटलं. कारण अक्षता पूजेच्या होत्या, आणि पूजा आत्याची. मी मूठ मिटली. पण तोवर भागाकाकू आल्या होत्या, आपल्या जीपचं काय झालं विचारायला बाबूभाई आले होते, आणि काकूंनी माझ्या हाताकडे बघून म्हटलं, “काय निघालं गं?”

अण्णांनीच सांगितलं. त्यांना खोटं बोलता येत नसे. “अक्षता निघाली.”

“बघा!” काकू म्हणाल्या. “मी काय म्हणत होते? पूजेतनंच झालं.”

मागे मिल घरघरत होती. आत्याने माझी मूठ उघडली, ती चपटी अक्षता स्वतःच्या तळहातावर घेतली आणि उजेडात धरून निरखली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, “भागाबाई, मी अक्षता टाकत न्हाई. हळदीचं बोट लावती, फूल ठेवती अन् ताट हिच्या आईच्या हातात देऊन बाजूला होती. पयल्या साली तुळशीपाशी तुम्हीच सांगितलं न्हवतं का, की अक्षतेला विधवेचा हात लागू नये? तवापासून एक दाणा टाकला न्हाई मी.”

मी आठवून पाहिलं. खरंच, आरतीनंतर दर वर्षी आत्या खांबापाशी उभी असायची. मला वाटायचं, ती दमलेली असते.

“मग ही कुणाची?” काकू म्हणाल्या, पण आवाज बराच खाली आला होता.

बाबूभाईंनी दाढीवरून हात फिरवला. “काकू, मूठ भर के तो आपनेच मारे थे. आधे इधर आए, आधे मगर के पेट में.”

पहिल्यांदा आई हसली, आत चुलीपाशी. मग अण्णा. मग अण्णांचं हसू मधेच थांबलं आणि ते कपाळाला हात लावून म्हणाले, “बूच! ऑइल बघताना बूच मी काढलं होतं. हार घ्यायला उठलो अन् उघडंच राहिलं. सगळे पांगल्यावर लावलं मी.” ते आत्याकडे वळले. बरंच काही म्हणायचं असावं त्यांना. पण ते एवढंच म्हणाले, “अक्का, त्या दिवशी मी बोलायला पायजे होतं.”

“आता बोललास की,” आत्या म्हणाली. “छर्रा पूस. नीट पूस, चिंधीचा धागा ऱ्हाऊ देऊ नको.”

भागाकाकू निघाल्या नाहीत, हे मला त्यांचं मोठेपण वाटतं. त्या चहाला थांबल्या. फक्त त्या दिवशी गाळणी नवी आणावी लागली, त्यामुळे चहाला उशीर झाला आणि सगळ्यांना एकमेकांसमोर बराच वेळ बसावं लागलं. नवं ऑइल भरून, हवा काढून, बाबूभाईंची जीप उचलली. आत्याने दांडा मारला. कट्, कट्, कट्. जीप वर गेली, अण्णांनी खाली आधाराला लोखंडी घोड्या लावल्या, कारण जॅक कितीही बरा झाला तरी नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली आमच्यात कुणी शिरत नसे. मग त्यांनी चाक काढलं. नेहमीसारखा दिवस सुरू झाला.

आता मी नांदेडला एका वर्कशॉपात मुलांना शिकवते. केस पांढरे झाले आहेत. मुलं माझ्याआधी मोबाइलवर बघून येतात, पण कान लावायला अजून लाजतात. खंडेनवमीला पूजा होते, आणि नारळ फोडायच्या आधी मी एकेका जॅकपाशी वाकून बुचावर अंगठा दाबत जाते. हल्ली मुलंही माझ्यामागून तसंच करतात, डोळे मिटून, भक्तिभावाने. एकदा एकाने विचारलं, “मॅडम, अंगठा लावताना काय म्हणायचं असतं?” मी नेहमीसारखी गडबडले आणि म्हटलं, “काही नाही. घट्ट आहे का बघायचं.”

त्याच्या पुढच्या वर्षीची खंडेनवमी मात्र सांगायची राहिली. आरती झाली, आत्याने सवयीने ताट आईच्या हातात दिलं आणि ती खांबाकडे वळली. भागाकाकू मधेच आल्या. ताटातून चिमूटभर अक्षता घेतल्या आणि आत्यापुढे हात केला. अण्णा म्हणाले, “घ्या अक्का. पयली तुमची.”

आत्याने अक्षता घेतल्या. पण टाकल्या नाहीत. आधी ती मगरीपाशी उकिडवी बसली, बुचावर अंगठा ठेवून दाबून पाहिलं, परत एकदा दाबलं. मग मान वर करून म्हणाली, “हां, आता टाका सगळ्यांनी,” आणि सगळ्यांच्या आधी स्वतः टाकल्या.